नवा म्हणू नका, नुसता ट्रॅक्टर म्हणा

काही प्रकरणं फाइलीबरोबर बंद होतात. हे माझ्यापुरतं अजून उघडं आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्तही निभावले. पण आठवण काढायची म्हटली की डोळ्यांसमोर येते ती एका लोडर ट्रॅक्टरची बकेट, आपण होऊन हळूहळू खाली येणारी.

मी घाटावरचा. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो. गणपती होऊन गेले होते. सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक बाई हातात बांबूची काठी घेऊन आत आल्या. काठी घेऊन ठाण्यात येणाऱ्याकडे आम्ही जरा लक्ष देतो. ठाणे अंमलदाराने ती बाहेर ठेवायला सांगितली.

"ती पुरावा आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर कशी ठेवू?"

बाई चाळिशीच्या. नवरा मुंबईला नोकरीत. आंब्या-काजूची बाग त्या स्वतः चालवत. उतारावरची बाग, त्यामुळे शेणखतापासून आंब्याच्या क्रेटपर्यंत सगळं कामकरी बायकांच्या डोक्यावरून वर-खाली. हे ओझं उतरवायचं म्हणून त्यांनी लोडर ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आणि वर्षभर नुसते ट्रॅक्टर पाहत हिंडल्या. काठीवर तीन खाचा होत्या. एक, जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधल्या वाटेची रुंदी. दुसरी, कलमांच्या खालच्या फांदीची उंची. तिसरी, क्रेट चढवायच्या टेम्पोच्या फळीची उंची. या मापात न बसणारा ट्रॅक्टर, कितीही चकचकीत असो, बाद. दुकानातल्या विक्रीवाल्याने भाताचं तूस उचलून दाखवलं, तेव्हा यांनी ओलं शेणखत उचलायला लावलं आणि भरलेली बकेट वर ठेवून सर्वांसाठी चहा मागवला. चहा संपेपर्यंत बकेट बोटभरही खाली आली नाही, तेव्हा पसंती दिली.

सरकारी खरेदी समित्यांवर मी बसलो आहे. तिथे चहा असतो, काठी नसते.

पण बागेत आलेल्या ट्रॅक्टरची बकेट उचलून धरली की खाली बसत जायची. एका कामकरणीचा पाय थोडक्यात वाचला. दुकानदार म्हणे, तुम्हीच वाजवीपेक्षा जास्त वजन उचलून बकेट पेलणारा सिलिंडर घालवलात. धाकटा दीर म्हणे, बाईमाणसाने यंत्र निवडलं की असंच व्हायचं. मोहर यायच्या आत बाग ठेकेदाराला देऊन टाकायची, असं घरात जवळजवळ ठरलं होतं.

"ही दिवाणी बाब आहे," मी म्हणालो. हे वाक्य पोलिसाला झोपेतही येतं. "ग्राहक मंचाकडे जा."

"जाईन ना. पैशाचं ते बघतील. पण माझी निवड चुकली की नाय, ते कोण बघणार?"

"आणि चुकली असेल तर?"

"तर तसं लिहून द्या. बाग सोडते."

इतका सरळ सौदा ठाण्यात सहसा कोणी करत नाही. मी अर्ज ठेवून घेतला.

त्या ट्रॅक्टरचं स्वागत कसं झालं होतं, ते आमच्या हवालदाराने सांगितलं. दुकानदाराने मांडव घातला, पुठ्ठ्याची हातभर किल्ली केली आणि एक पुढारी बोलावले. शाल, श्रीफळ, भाषण. मग फोटोसाठी पुढारी बकेटमध्ये उभे राहिले आणि त्यांना वर उचललं. "वर गेले आणि बोलत बोलत खाली आले," हवालदार म्हणाला. "लोकांना वाटलं, काय नम्र माणूस!"

दोन दिवसांनी त्या गावचे गुरव कोणी पाहत नाही अशा बेताने ठाण्यात आले. आधी पावसावर बोलले, मग भातावर. कोकणात खबर अशीच येते, वळसा घेऊन. घाई केली की परत जाते.

"सायेब, कागदावर माझं नाव नको," शेवटी ते म्हणाले. "नवी वस्तू आली की आम्ही देवाला गाऱ्हाणं घालतो, ते ठाऊक हाय ना तुम्हाला? मी नारळ हातात घेतला, तर तो विक्रीवाला कानाशी आला. म्हणतो, 'गुरवानू, नवा म्हणू नका, नुसता ट्रॅक्टर म्हणा.'"

"मग तुम्ही?"

"नुसता ट्रॅक्टर म्हटलं. देवाला मॉडेल थोडंच लागतं? पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय."

तो किडा आता माझ्या डोक्यात आला. कागद पाहिले, एकही खोट नव्हती. चासी नंबर, इंजिन नंबर जुळत होते, आधीची नोंदणी कोणाच्याच नावावर नव्हती. दोन पंच आणि एक जाणता मेकॅनिक घेऊन आम्ही बागेत गेलो. रंग कोरा, तास मोजणारं मीटरही कोरं. मेकॅनिकने बकेटच्या सांध्यातली पिन काढली. ताज्या ग्रीसच्या आत एक कडक थर होता. मी तो नखाने खरवडला, थुंकी लावून बोटांत मळला. चिकट, काळा. आजूबाजूला नजर जाईल तिथे लाल माती.

बाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. "ही तर तुमच्याकडची माती, सायेब."

माझ्याकडचीच होती. ज्या मातीत मी लहानपणी चपला हरवल्या, ती मला ओळखू न येती तर निवृत्त व्हायलाही मी लायक नव्हतो. यंत्र धुणाऱ्याला घाट उतरताना एवढं सुचलं नाही की इथे काळी माती कुंडीतसुद्धा विकत आणावी लागते. पंचनामा झाला, बाईंची फिर्याद घेतली, फसवणुकीचा गुन्हा नोंदला.

विक्रीवाल्याला चौकशीला बोलावलं. शेजारच्याच गावचा, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. तासभर त्याने मला वॉरंटीचे नियम समजावले. "साहेब, अतिवजनाने सिलिंडर गेला. आमच्याकडून निघाला तेव्हा मशीन एकदम ओके."

हवालदाराने मोबाइलवर समारंभाचा व्हिडिओ लावला. पुढारी विकासावर बोलत बोलत जमिनीकडे निघाले होते.

"हे अतिवजन म्हणायचं का?" हवालदाराने विचारलं.

तो कसनुसा हसला, पण मोडला नाही. आवाज चढवून माणूस घाबरतो, खरं बोलतोच असं नाही. मी चहा सांगितला आणि तो निम्मा झाल्यावर विचारलं, "नारळ ठेवताना गुरवांच्या कानात काय बोललात?"

कप बशीवर वाजला.

"साहेब, गिऱ्हाईकाशी खोटं बोलणं हा धंदा आहे," तो हळूच म्हणाला. "पण देवासमोर कसं बोलणार? पोरंबाळं आहेत मला."

मग सगळं बाहेर आलं. बाईंनी पसंत केलेला ट्रॅक्टर दुकानमालकाने दुसऱ्याला दिला होता. हा प्रात्यक्षिकाचा, नोंदणी न करताच एक हंगाम घाटावर उसाच्या शेतात भाड्याने राबवलेला. मग मीटर बदललं, रंग मारला. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मी त्याला एकच विचारलं: भाड्याने कोणाला दिला होता? हवालदार दुसऱ्याच दिवशी एसटीने घाट चढला आणि त्या शेतकऱ्याचा जबाब, शिवाय उसात उभ्या असलेल्या त्याच ट्रॅक्टरचे फोटो घेऊन आला. प्रवासभत्ता त्याला बऱ्याच उशिरा मिळाला. त्याबद्दल तो अजून मला टोमणे मारतो.

मालकाने ट्रॅक्टर परत नेला, रक्कम परत केली. खटला त्याच्या चालीने चालला. फिर्यादीला तपास कुठवर आला ते लेखी कळवावं लागतं. तो मजकूर मी लेखनिकाला न सांगता स्वतः लिहिला: 'फिर्यादीने पारखून पसंत केलेले यंत्र व त्यांना देण्यात आलेले यंत्र ही भिन्न असून, दिलेले यंत्र पूर्वी वापरलेले आहे.' त्या घरात सरकारी कागद मोठ्याने वाचायचा मान दिराचा. त्यानेच वाचला. बाई सांगत होत्या, 'पारखून' या शब्दाशी तो थांबला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. ठेकेदाराचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

गुन्हेगार कागद सांभाळतो, पण तोंड प्रत्येक ठिकाणी सांभाळू शकत नाही. कुठे तरी त्याला खरं बोलायची गरज भासते. ती जागा शोधायची, एवढंच तपासाचं कसब. हे मी तेव्हा शिकलो. माल कसा पारखावा, ते मात्र काठीवाल्या बाईंकडून.

मोहर धरायच्या आधी त्यांनी दुसऱ्या दुकानातून ट्रॅक्टर निवडला. तीच काठी, तेच ओलं शेणखत, तोच चहा; मीही एक कप घेतला, बकेटवरची नजर न काढता. या वेळी मांडव नव्हता, पुढारी नव्हते. गुरवांनी नारळ हातात धरला, नजरेने मला शोधून काढलं आणि देवळाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकीने हा जो नवा, नवा कोरा ट्रॅक्टर आणलान हाय, त्याला राखून घे रे म्हाराजा!"

देवाधर्माशी माझा संबंध बंदोबस्तापुरता. पण गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणणाऱ्यांत त्या दिवशी मीही होतो, आणि हवालदाराचं म्हणणं, सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचाच होता.