फेट्याचं दुसरं टोक

माझ्या मेहुण्यांइतका चिवट माणूस अख्ख्या कोल्हापुरात नसेल. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि लेकीच्या वयाच्या मुलांबरोबर पीएचडीला बसले. विषय काय, तर पेशीच्या केंद्रकात प्रथिनांची टोळी जनुक कसं उघडते. दारात येईल त्याला समजावतात. सिलिंडरवाल्याला एकदा अकरा मिनिटं उभं केलं होतं, मी घड्याळ बघत होतो. "पावणं, आपल्या एकेका पेशीत डीएनएचा दोन मीटर धागा हाय, त्यावरच जनुकं. फेट्यासारखा गुंडाळलेला. गुंडाळलेलं वाचता येत न्हाय की. मग ही टोळी येती आणि नेमका पायजे तेवढाच पीळ सैल करती." पुढचा सिलिंडर त्याने फाटकाबाहेरच ठेवला.

प्रयोग यीस्टच्या पेशींवर, आणि त्यातल्या टोळीत सात प्रथिनं. कुठलं काढलं की जनुक बंद राहतं, एवढंच दाखवायचं होतं. मुदत संपायला चार महिने उरले, एकेक करून सहा काढून झाली, तरी जनुक आपलं उघडतच होतं. मी म्हणालो, "सातातनं सहा गेली, एक राहिलं."

"ते बिनकामाचं हाय, दाजी. धाग्याला शिवतबी न्हाय. ते काय उघडणार?"

त्याच महिन्यात भाचीचं लग्न आलं. फेटे बांधायचा मान यांचाच. आठ मीटर कापडाला हे चुण्या घालणार आणि पलीकडचं टोक वहिनी धरणार, ही त्यांच्या लग्नापासूनची रीत. एकतीस फेटे झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मनगट दुखतंय, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"तुला काय काम हाय? नुसतं उभं ऱ्हायचं."

वहिनींनी टोक सोडून दिलं. सगळ्या चुण्या यांच्या पायाशी. व्याही उघड्या डोक्याने थांबलेले, आणि हे खाली बघत बसले. मग हळूच म्हणाले, "दाजी, सातवं."

सातवं काढलं आणि जनुक बंद राहिलं. आणखी दोनदा केलं, दोन्हीदा बंद. प्रबंध मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला.

वहिनींचं मनगट आता चालत नाही. लग्नात त्या खुर्चीवर बसून बघतात आणि टोक मी धरतो. चुण्या घालता घालता मेहुणे सवयीने समोर बघतात. तिथे मी असतो. "दाजी, जरा सैल धरताय," एवढंच म्हणतात. मी तर पहिल्यापासून घट्टच धरलेलं असतं.