मशीन ठणठणीत होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढी गोष्ट वगळते — जणू त्याला ठाऊकच नाही! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतेय.

मी नर्स. माहेर किन्हवलीचं, नोकरी शहापूरकडच्या एका लहान दवाखान्यात. त्याचं नाव नको, चूक त्याची नव्हती. तिथे देणगीतून लहान मुलांचं व्हेंटिलेटर आलं, म्हणजे लेकराची छाती थकली की त्याला श्वास देणारं मशीन. ते शिकायला आम्हा दोघींना ठाण्याला पाठवलं, मला आणि शेणव्याच्या कल्पनाला. पहिल्या दिवशी नुसती ओळख झाली. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लावायला शिकवणार होते, आणि मी सकाळी सही ठोकून पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला सटकले. काय बिघडतंय? कल्पना आहे की! सर्टिफिकेट दोघींना मिळालं. माझं मी वॉर्डातल्या भिंतीवर लावलं. मिरवायची हौस, दुसरं काय.

मग एका दुपारी जनी आली. पाड्यावरची बाई, कडेवर दीड वर्षाची मुलगी. न्यूमोनिया. दर श्वासाला पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ओठ निळे. डॉक्टर नवे होते, पण हात चांगला — त्यांनी घशात नळी घातली, हातानं दाबायचा फुगा जोडला आणि म्हणाले, "सिस्टर, मशीन लावा."

मी — कसं सांगू? — मी म्हणाले, "ते बंद आहे, सर."

मशीन ठणठणीत होतं. मला लावता येत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं ना, की मला येत नाही? कल्पनाची त्या दिवशी सुट्टी होती, ती घरीच होती. एक फोन केला असता तर अर्ध्या तासात गाडीवरून आली असती. पण मग ती विचारणार, दुसऱ्या दिवशी तू होतीस कुठे? भिंतीवरच्या त्या कागदाची लाज मला पोरीच्या जिवापेक्षा मोठी वाटली.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. शिकून आलेली बाई सांगतेय म्हटल्यावर कोण विचारतो?

अँब्युलन्स यायला दीड तास लागला. पुढे ठाण्यापर्यंतचा रस्ता. डॉक्टर दवाखान्यात एकटेच, म्हणून सोबत मी गेले. फुगा दाबत होते. एका लयीत दाबायचा असतो तो, ना जोरात ना हळू. बोटं आखडली तेव्हा तो जनीच्या हातात दिला. ती बिचारी घाबरून कधी भराभर दाबायची, कधी पोरीच्या तोंडाकडे बघत थांबूनच जायची. मी ओरडले तिच्यावर. हो, मीच ओरडले. पडघ्याच्या पुढे गाडी अडकली आणि पोर बराच वेळ काळीनिळी राहिली.

पोर जगली. पण डावा हात लुळा पडला, आणि बोलणं आलंच नाही. त्या रस्त्यामुळे, की आजारामुळे? डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. त्या "नक्की नाही"च्या आडोशाला मी बरीच वर्षं बसले.

दुसऱ्याच दिवशी मशीनवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवली. मग विसरल्याचं निमित्त करून कल्पनाकडून सगळं शिकून घेतलं, आणि चिठ्ठी काढली. दुरुस्त झालं का, असं डॉक्टरांनी विचारलं. हो म्हणाले. खोटं एकदा जमलं की हात बसतो.

जनी मात्र भेटेल तिथे पाया पडते. "बाई, तुमी व्हतात म्हनून माजी पोर हाय. नायतर कवाच गेली असती." मी पाय मागे घेत नाही. घ्यायला हवेत, पण घेत नाही.

गेल्या वर्षी तिला दुसरी मुलगी झाली. बारशाला मला बोलावलं. आत्याचा मान माझा, असं तिनं आधीच ठरवलं होतं. थोरली भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर आपटून टाळी वाजवत. मी विचारलं, "नाव काय ठेवायचं गो?" जनी लाजून म्हणाली, "तुमचंच. सुनंदा."

बायकांनी पाळणा थांबवला. मी पाळण्यात वाकले आणि बाळाच्या कानात माझं नाव सांगितलं.