झोताच्या वाटेत

मंदाताई नव्या माणसाच्या तोंडावर आधी टॉर्च मारत. पालघरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांनी माझेही डोळे दिपवले आणि दारातल्या शिपायाला विचारले, "तुला काय दिसलं?"

"काय नाय, बाई."

"बघा! झोताच्या वाटेत असेल त्यालाच तो दिसतो."

त्या भौतिकशास्त्र शिकवत. दूरच्या काही दीर्घिकांच्या पोटात कोट्यवधी सूर्यांइतके जड कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या वायूतून झोत उसळतात, आणि एखादा नेमका आपल्यावर रोखलेला असला की त्यातले गॅमा किरण उपग्रहाला सापडतात. तेव्हा हे नुकतेच कळले होते, आणि ते सांगत त्या गावोगाव हिंडत; मीही सोबत असे.

तारापूरजवळच्या मच्छीमार वस्तीत 'गॅमा' म्हणताच बायका गप्प झाल्या. अणुभट्टीच्या शेजाऱ्यांना तो शब्द शिकवावा लागत नाही. सुके बोंबील विकणारी हिरामावशी म्हणाली, "भट्टी कमी पडली म्हून आता वरून पन आनला का, बाई?" सगळ्या हसल्या. तिने मात्र हसू आवरून विचारले, "आमी त्याच्या वाटेत हाव का?"

"आहोत. पण वर हवेचं जाड छप्पर आहे, ते किरण खाली पोचत नाहीत. घाबरायचं तर नीट माहिती घेऊन घाबरावं, मावशी."

हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

पुढे त्यांच्याच गळ्यात कर्करोगाची गाठ निघाली. मुंबईच्या रुग्णालयात कोबाल्टच्या यंत्राखाली निजायचे होते. त्यातलेही गॅमा किरणच, पण आकाशातल्यांहून फार दुबळे, हे त्यांनीच मला वाटेत समजावले. खोलीच्या जाड दारापाशी मात्र त्यांनी माझे मनगट गच्च धरले.

"सगळं माहीत आहे गं मला. तरी भीती जात नाही. इथे छप्पर नाही ना."

नर्सने त्यांची बोटे सोडवली. दार लागले. आत कुणालाच थांबता येत नव्हते.

काही महिन्यांनी त्या गेल्या. बोईसरच्या बाजारात हिरामावशीने मला अडवले.

"बाई भ्याली होती का गं?"

खोटे बोलावेसे वाटले. "हो. फार."

तिने डोक्यावरची टोपली खाली उतरवली.

"मंग ती आमच्यातलीच. आमाला वाटायचा, आमीच तेवढ्या भितो."