चांदीचा चमचा आणि माझं तोंड

“आ कर. अजून मोठा. चमचा कुठंय ते दिसू दे सगळ्यांना.”

कळमनुरीची शाळा, दहावीचा वर्ग. मी फळ्यापुढं तोंड वासून उभी होते आणि अख्खा वर्ग खिदळत होता.

इंग्रजीच्या सरांनी वाक्प्रचार दिला होता: बॉर्न विथ अ सिल्व्हर स्पून. तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मणं. अर्थही त्यांनीच सांगितला, जन्मतः नशीबवान असणे. वाक्यात उपयोग करायचा होता. मी हौसेनं उठले आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘मी तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मले.’

खोटं काय होतं त्यात? आम्ही मेंढरंवाले. मी जन्मले त्या दिवशी आमच्या दोन मेंढ्यांना जुळी झाली. पोरगी झाली म्हणून घरात कुणी तोंड पाडलं नाही. बाप गावभर सांगायचा, “लेकरू पायगुणाचं हाय.” मला ते खरंच वाटायचं.

“मेंढरांत जन्मलीस ना? तुझ्या तोंडात लेंडी असेल, लेंडी!”

सरांनी पहिल्या बाकावरच्या पोराच्या डब्यातला चमचा घेतला आणि माझ्या दातांत खुपसला. लोणच्याचा वास होता त्याला. “झाली बघा नशीबवान!” मग काढून त्या पोरापुढं धरला. त्यानं हात मागं घेतला.

“नको सर. तिचा उष्टा हाय.”

सरांनी चमचा खिडकीबाहेर फेकला. हसणं मी गिळलं असतं. ते फेकणं नाही गिळलं गेलं.

“पूस ते वाक्य. ओढणीनं पूस.”

“सर, इंग्रजी चुकलं का?”

“इंग्रजी बरोबर आहे. तू चुकीची आहेस.”

लख्ख कळलं. नशीब हा शब्दसुद्धा या लोकांनी आपसांत वाटून घेतलाय.

“मंग मी न्हाई पुसत.”

छडी मोडली. दुसरी आणली. तळहात सुजले, पण मी पुसलं नाही. शेवटी डस्टर त्यांनाच उचलावं लागलं.

आता मीही इंग्रजी शिकवते. उद्या सरांचा निवृत्तीचा सत्कार आहे, त्याच वर्गात. माजी विद्यार्थिनी म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलंय. लोकांना वाटतंय, मी विसरले. मी काहीही विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही.

चार शब्द बोलणार नाही. फळ्यावर तेच वाक्य लिहीन. मग डस्टर सरांच्या हातात देईन आणि म्हणेन, “पुसा.”