समोरच्याचं मत

आमच्या आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिची अक्षरं वेगळी, चर्चच्या प्रार्थनेच्या पुस्तकातली, कार्पेथियन डोंगरातल्या खेड्यातून बरोबर आणलेली. म्हणून दर सोमवारी संध्याकाळी पेपर आला की तो माझ्या पुढ्यात पडायचा. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

"वाच, पॉलिन. आपल्या वासिलचं काय लिहिलंय?"

वासिल माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. १९५७ साली तो टॅनर्स हिल हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होता आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात सेंटर खेळायचा. सेंटर म्हणजे काय, तर ओणवं व्हायचं, दोन पायांमधून चेंडू मागच्याच्या हातात द्यायचा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या पोराला अंगावर घ्यायचं. चेंडू पुढे कुठं गेला, कोण घेऊन पळालं, हे त्याला लोकांच्या आरड्यावरून कळायचं. तोंड बहुतेक वेळा चिखलात असायचं.

पेपरात नावं यायची ती पळणाऱ्यांची. केंड्रिक म्हणून एक मुलगा होता, खाणीच्या साहेबाचा. त्याचं नाव एकेका बातमीत पाच-सहा वेळा. दुदाश हे आमचं आडनाव मी वरून खाली आणि खालून वर शोधलं, पण ते कधी सापडलं नाही.

पहिल्या सोमवारी मी पेपर नुसताच चाळत राहिले. आई शर्टाच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, दिवसभर कॉलर शिवून बोटं सुजलेली. वडील दोन वर्षांपूर्वी खाणीच्या धुळीनं गेले होते. ती खुर्चीत टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी वाचायला लागले. "आणि मग वासिल दुदाशनं डोंगरासारखं उभं राहून वाट मोकळी केली, म्हणून केंड्रिकला पळता आलं."

"डोंगरासारखं? असं लिहिलंय?"

"हो, मामो." आईला आम्ही मामोच म्हणायचो.

"कुठं आहे त्याचं नाव? बोट ठेव."

मी केंड्रिकच्या नावावर बोट ठेवलं. तेच सगळ्यात ठळक होतं. वासिल समोर बसून बटाटे कुस्करत होता. त्यानं मान वर केली नाही. नंतर कोळसा आणायला मी मागच्या शेडमध्ये गेले, तर तो तिथं उभा.

"पुढच्या वेळी डोंगर-बिंगर नको," तो म्हणाला. "चांगला खेळला, एवढंच म्हण."

एवढंच. खोटं वाचू नकोस असं तो म्हणाला नाही. मग सगळा हंगाम मी वाचत राहिले आणि आई ती कात्रणं कापून शिवणाच्या डब्यात ठेवत राहिली.

शेवटचा सामना नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, वेस्ट लॅम्बर्टशी. टेकडीपलीकडचं गाव, सगळे इटालियन. त्या दिवशी गारा आणि पाऊस एकदमच पडत होता. वासिलच्या समोर रेमो स्कार्पिनो म्हणून एक आडदांड मुलगा होता. दोन तास दोघं एकमेकांना रेटत होते आणि प्रत्येक वेळी ओणवं होताना बोलत होते. वासिलनं हे मला पुढे इतक्यांदा सांगितलं, की मीच मैदानात होते असं वाटावं.

"तुझे दात खरे आहेत का रे?" रेमोनं विचारलं.

"अजून तरी."

"मग तोंड मिटून ठेव. माझं कोपर आंधळं आहे."

सामना आम्ही हरलो. शिट्टी झाली तेव्हा वासिल उताणा पडला होता. रेमोनं हात देऊन त्याला ओढून उभं केलं आणि म्हणाला, "वर्षभरात तुझ्याइतकं मला कोणी छळलं नाही. मला कोणी विचारलं ना, तर मी तुझंच नाव सांगीन. पण आपल्याला कोण विचारतंय!"

त्यानंतर वासिल दोन वर्षं फौजेत, जर्मनीत. परत आला तोवर खाणीत पाणी भरलं होतं, निम्मं गाव न्यू जर्सीच्या कारखान्यांकडे निघून गेलं होतं. त्याची एक मैत्रीण होती, तीही गेली. वासिल शाळेच्या बॉयलरवर लागला, पुढे शिकून झाल्यावर मी शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट. दोघंही त्याच घरात राहिलो.

१९६६ साली आई गेली. चर्चच्या तळघरात जेवण होतं, तेव्हा कारखान्यात आईशेजारी बसणाऱ्या मिसेस मात्स्कोनं मला बाजूला घेतलं. "तुझी आई ते कात्रण आम्हाला दाखवायला आणायची. पहिल्याच महिन्यात मी म्हटलं, अगं बाई, हे तर केंड्रिकचं नाव! ती मान खाली घालून कॉलर शिवत बसली. मग डबा खाताना म्हणाली, पोरगी फार छान वाचते, मी तिला थांबवणार नाही."

वासिल आतल्या मोरीवर ताटं धूत होता. मी त्याला सांगितलं.

"म्हणजे माझं नाव येत नाही, हे तिला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी दर सोमवारी विचारायची."

"हो."

तो बराच वेळ तेच एक ताट धूत राहिला. घरी परतताना मला म्हणाला, "मी एकदा तरी तिला सांगायला हवं होतं ना, त्या वेस्ट लॅम्बर्टच्या पोरानं काय म्हटलं ते. ते तर खरं होतं." मग म्हणाला, "पण ते छापलेलं नव्हतं."

वासिलनं सुरू केलेल्या पुरस्काराची गोष्ट पाच वर्षांनंतरची. हंगाम संपला की फायर हॉलमध्ये, म्हणजे गावच्या आगबंबवाल्यांच्या सभागृहात, जेवण असतं, कोंबडी आणि पिरोही. पिरोही म्हणजे बटाटा भरलेल्या आमच्या करंज्या, चर्चच्या बायका शेकड्यांनी करतात. त्या वर्षी हॉलचा हीटर बंद पडला म्हणून वासिलला बोलावलं होतं. तो पाना हातात धरून कोपऱ्यात, आणि पुढे बक्षिसं वाटली जात होती. चेंडू घेऊन सर्वाधिक पळणारा, सर्वाधिक चेंडू झेलणारा, सर्वात उत्साही वगैरे. लेनर्ड युर्को नावाचा मुलगा शेवटचे चार सामने दोन बोटं एकत्र बांधून सेंटर खेळला होता. त्याची आई नवा कोट घालून आली होती. प्रत्येक नावाला ती टाळ्या वाजवत होती. बक्षिसं संपली, लोक खुर्च्या सरकवायला लागले, तरी तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. खाली ठेवायला जागाच मिळाली नव्हती त्या हसण्याला.

"अजून एक आहे," मागून आवाज आला. वासिलचा. चार माणसांत तोंड न उघडणारा माझा भाऊ.

"काय आहे?" कोच ब्रॅनिगननं विचारलं.

"पुरस्कार. लाइनवर ओणवं होऊन समोरच्याला रेटणाऱ्यासाठी."

"असं? आणि नाव काय त्याचं?"

"ते अजून ठरतंय."

लोक हसले. कोच पण हसला. "ठरवणार कोण? तुझा बॉयलर?"

"जे समोर उभे होते ते."

"अरे बाबा, दुसऱ्या गावची पोरं आपल्या पोराला मत देणार? मुद्दाम सगळ्यात नेभळटाचं नाव लिहितील!"

वासिलनं पाना दुसऱ्या हातात घेतला. "नाही लिहिणार. एका नेभळटानं मला चार वेळा उताणं पाडलं, असं कोण लिहून देईल?"

यावर हॉल पुन्हा हसला, पण या वेळी कोचवर.

घरी येऊन मी टाइपरायटर काढला. वासिल खोलीत येरझारा घालत बोलत होता. मत फक्त त्या मुलाचं, जो निदान अर्धा सामना समोर उभा होता. कोचला मत नाही, पेपरवाल्याला नाही, आईबापांना नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव लिहिलं तर मत बाद.

"आणि शिट्टीनंतर मारणारा?" मी विचारलं.

"तो पण बाद. आणि प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं, याचंच नाव का. वाक्य नाही तर मत नाही."

"पोरं वाक्यं लिहायची नाहीत, वासिल. आपलं नाव धड लिहीत नाहीत."

"एक वाक्य लिहितील. त्यांना कोणी विचारलेलंच नाही आजवर."

नऊ शाळांना पत्रं गेली. सहांनी उत्तरं पाठवली. एकूण सोळा मतं, त्यातली अकरा लेनर्डला. वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'याला हलवायचा म्हणजे फ्रीज जिन्यावरून चढवण्यासारखं आहे.' 'मी पडलो की विचारायचा, ठीक आहेस का, आणि पुन्हा पाडायचा.' एकानं लिहिलं होतं, 'त्याच्या बोटांना काय झालं होतं? मला दुखवायचं नव्हतं.' वासिलनं बॉयलरची जुनी पितळी तबकडी घासून तिच्यावर नाव कोरलं आणि वाक्यं मी स्वच्छ टाइप केली. लेनर्डच्या आईनं तबकडी बाजूला ठेवली आणि आधी कागद घेतला.

पुरस्कार रुजला. तिसऱ्या वर्षी नऊच्या नऊ शाळा मतं पाठवायला लागल्या. पण वेस्ट लॅम्बर्टचं पाकीट आलं की वासिल ते शेवटी फोडायचा, हे मला दिसत होतं. १९७४ च्या जुलैत मीच तिथल्या शाळेच्या ऑफिसात फोन करून रेमो स्कार्पिनोचा पत्ता काढला. तो न्यू जर्सीत टायरचं दुकान चालवत होता. वासिलनं इस्त्रीचा शर्ट घातला, आणि तीन तासांच्या वाटेत दोनदा पेट्रोल पंपावर थांबून केस विंचरले.

रेमो चांगला माणूस निघाला. जाडा, हसतमुख. त्यानं खुर्च्या पुसून दिल्या, कॉफी मागवली.

"टॅनर्स हिल? हो, हो. तुमच्याशी खेळलो असणार."

"सत्तावन्न साली. थँक्सगिव्हिंगला. मी सेंटर होतो," वासिल म्हणाला. "गारा पडत होत्या."

"गारा?" रेमो आपला गुडघा चोळत हसला. "या गुडघ्याला विचाराल तर सगळेच सामने गारांतले! नाही हो, आठवत नाही. तुम्ही जिंकलात का?"

"नाही. तुम्ही."

"बघा! जिंकलेला सामनाही आठवत नाही."

वासिल पण हसला. पुरस्काराबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. निघताना रेमोनं मागच्या अंगणातले टोमॅटो पिशवीभर दिले. परतताना न्यू जर्सीच्या हद्दीवरचा डेलावेअर नदीचा पूल ओलांडला, तेव्हा वासिलनं पिशवीतला एक टोमॅटो हातात घेतला. मग म्हणाला, "टोमॅटो चांगले आहेत."

ऑगस्टमध्ये मी नवीन हंगामाची पत्रं टाइप करत होते, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. "एक नियम वाढव. मत सामन्यानंतरच्या मंगळवारच्या आत लिहून टाकलेलं पाहिजे."

"मंगळवारच का?"

"त्यानंतर पोरं विसरायला लागतात."

पोस्टाच्या सोयीसाठी असेल, असं सगळ्यांना वाटलं. वासिलनं तो समज कधी खोडला नाही. पण वेस्ट लॅम्बर्टचं पाकीट तो त्यानंतर इतरांसारखंच, आलं की फोडायला लागला.

बावीस वर्षं हे चाललं. मग पोरंच उरली नाहीत म्हणून आमची शाळा आणि वेस्ट लॅम्बर्टची शाळा एक केली, खाली हायवेजवळ नवी इमारत बांधली. पुरस्कार त्यांनी ठेवला, पण मतं आता कोच देणार, गुण घालून. शाळाशाळांतून पोरांची वाक्यं गोळा करत बसायला वेळ कोणाला? पुरस्काराच्या नव्या समितीतला तरुण मुख्याध्यापक फार अदबीनं बोलला. "मिस्टर दुदाश, पहिल्या वर्षी पुरस्कार तुमच्या हस्ते द्यायची आमची इच्छा आहे." वासिल गेला, टाय लावून. ज्याला पुरस्कार मिळाला तो मुलगा खरंच चांगला होता, हात मिळवताना लाजला. गाडीत बसल्यावर वासिल म्हणाला, "गुणी पोरगं. समोरच्याला तो कसा वाटला, तेवढं कळायला हवं होतं."

पुढच्या शनिवारपासून तो नव्या मैदानावर जायला लागला. आपल्या बाजूला बसायचा नाही. पाहुण्यांची बस उभी असते तिथल्या कुंपणापाशी उभा राहायचा. सामना संपला की चिखलानं माखलेली परगावची पोरं हेल्मेट हातात घेऊन तिथून जायची. त्यातली रुंद खांद्यांची हेरून तो विचारायचा, "आज कोणी छळलं रे तुला?"

बरीच पोरं म्हातारा वेडा समजून निघून जायची. एखादं थांबायचं.

"चौसष्ट नंबर. नाव माहीत नाही, काका."

"का?"

"का म्हणजे? थकतच नव्हता तो!"

वासिल ते कार्डावर लिहून घ्यायचा. घरी आल्यावर मी सामन्याच्या छापील पत्रिकेत नंबरावरून नाव शोधायची आणि सोमवारी सकाळी ते कार्ड त्या मुलाच्या पत्त्यावर पोस्टात जायचं. खाली सही नाही, फक्त ते एक वाक्य आणि ज्या गावच्या पोरानं म्हटलं त्या गावाचं नाव. किती पाठवली असतील, मोजली नाहीत. शेवटची दोन वर्षं त्याला श्वास पुरायचा नाही, मी गाडी कुंपणाला चिकटवून लावायची आणि तो काच खाली करून विचारायचा.

२००९ च्या मार्चमध्ये तो गेला. आदल्या आठवड्यात इस्पितळात मला विचारत होता, या वर्षी पहिला सामना कोणाशी आहे. मी म्हटलं, अजून वेळापत्रक आलेलं नाही.

त्या सप्टेंबरात मी एकटी गेले. कार्ड आणि पेन्सिल पर्समध्ये घेऊन. सामना संपला, पोरं यायला लागली. एक मुलगा तर माझ्यासमोरच थांबला, बुटाची नाडी बांधायला. कपाळाला गवत चिकटलेलं. त्यानं वर पाहून विचारलं, "काही हवंय का, आजी?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा." तो प्रश्न वासिलचा होता; माझ्या तोंडी तो येईना आणि कार्ड पर्समध्येच राहिलं.

बस निघून गेली, तरी मी बराच वेळ तिथं उभी होते.