मिस्त्रींनी शोधलेले सर

लातूरच्या नरसिंग मिस्त्रींचा जन्म दगडी भिंती बांधण्यात गेला, पण त्र्याण्णवच्या भूकंपात हात-हात रुंदीच्या भिंती बसल्या कशा, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. आता सून महामाया मागे लागली होती.

"मामा, वर दोन खोल्या काढू. क्लासची पोरं भाड्यानं ऱ्हातील. तुमच्याच हातच्या भिंती. झेपतील का, तेवढं सांगा."

मिस्त्रींनी तिच्या मोबाइलवर भिंती आणि भूकंपाचा शोध घेतला, तर व्हिडिओत शिकवणारे शेकडो सर हजर. खरा कोण, कसं ओळखावं? लातुरात सर पारखायची रीत एकच: क्लासच्या फलकावर पास झालेल्या पोरांचे फोटो किती. सगळ्यात जास्त फोटोवाले सर त्यांनी तीन दिवस ऐकले, वहीत उतरवले.

"काय म्हनले सर?"

"उत्तर क."

"क म्हंजी?"

"ते न्हाई सांगितलं. परीक्षेला हमखास येतं म्हनले."

महामायेला हसू आवरेना. "मग खोल्या क वर बांधायच्या का?"

मिस्त्री ओशाळले. मग मोबाइलवरच एक म्हातारे प्राध्यापक सापडले. साधी हिंदी, हातात खडू, मधूनमधून खोकला, ऐकणारे जेमतेम. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं: जाड भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती, मध्ये माती आणि कपच्या. आरपार जाणारे लांब दगड नसले, की हादऱ्यानं दोन्ही फाकतात. कुणीतरी स्वतःच्या घराचं विचारलं. प्राध्यापक म्हणाले, भिंत उघडून बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

मिस्त्री चक्रावले. एवढा शिकलेला माणूस, आणि सांगता येत नाही म्हणतो? तेवढा भाग त्यांनी तीनदा ऐकला.

सकाळी छिन्नी घेऊन त्यांनी खिडकीखालची भिंत उघडली. एक आरपार दगड लागला. पुढे दोन हात नुसती माती. इथं घातला, तिथं का नाही, काही केल्या आठवेना.

"मग? झेपतील का?" महामायेनं विचारलं.

"कळंना."

"कळंना म्हंजी हाव का न्हाई?"

"न्हाई. कळस्तोवर दुसऱ्याची लेकरं वर ठेवायची न्हाईत."

ती त्या भगदाडाकडे बघत राहिली. "अन् खाली आपन झोपतो, त्याचं काय, मामा?"

हे मिस्त्रींच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते छिन्नी घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दुसरी भिंत उघडायला लागले.