लामबुवांचा डावीकडचा खण

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. पुड्यांचे कागद खणात साचतात, तसे ते साचतात. माझ्या खणातले सगळे कागद इथल्या, कॅनडातल्या कोक्विटलामच्या चिनी औषधवाल्या लामबुवांचे. बुवा माझ्याच वयाचे, इंग्रजीही माझ्याइतकंच. म्हणजे दहा शब्द.

एप्रिलमध्ये इथे झाडांची पिवळी पूड उडते आणि माझा दमा उठतो. गेल्या वर्षी अँब्युलन्स बोलवावी लागली. माझ्या मुलानं, सुहासनं, तेव्हाच सांगून टाकलं, "आई, पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर संगमनेरचं तिकीट काढतो." नात इथे आणि मी तिथे? मी डॉक्टरांचा पंप चालू ठेवला आणि वर बुवांचा काढा धरला.

*

पहिल्या दिवशी पाहिलं तर भिंतभर खण, नावं चिनीत. अक्षराशी माझं कुठल्याच भाषेत जमलं नाही, पण नाक पक्कं. बुवा तोलत गेले, मी वासावरून सांगत गेले. ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी, संत्र्याची वाळकी साल. बुवा थांबले. आणखी एक चिमूट माझ्या नाकापुढे धरली. तीही ओळखली. बाकीची गिऱ्हाइकं बाकावर बसतात. मला काउंटरच्या आत स्टूल आहे!

*

काढा उकळत असताना दार वाजलं. वरच्या मजल्यावरची चिनी बाई. कॉन्डोत वास सुटला म्हणून तक्रार आली, असं वाटून सुहासचा चेहरा उतरला. ती सरळ शेगडीपाशी गेली, माझ्या स्टीलच्या पातेल्याकडे बघून मान हलवली आणि घरून मातीचं भांडं घेऊन आली. तिची तक्रार होती, पण पातेल्याबद्दल.

*

एकदा पुडीत चपटे, तपकिरी तुकडे दिसले. नात ईरा फोनवर बघून म्हणाली, "आजी, इट्स अ वर्म." गांडूळ! दम्यावर देतात म्हणे. मी अंडंसुद्धा खात नाही. बुवांनी ते लगेच काढलं. तेव्हापासून पुडी बांधायच्या आधी कागद उघडून दाखवतात, "नो लेग, नो आय." पण गांडुळाला तरी कुठे पाय न् डोळे असतात? म्हणून मी दर वेळी तपासते!

*

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काढ्यात काय काय असतं? मी अकरा जिनसा तोलायच्या क्रमानं सांगितल्या, सुहास इंग्रजीत करत गेला. दोनदा तोच अडला. बाईंनी माझ्या बीपीसाठी एक जिन्नस काढायला लावली. बुवांनी हू की चू न करता काढली.

*

यंदाच्या एप्रिलात सुहास स्वतः दुकानात आला, हा माणूस आहे तरी कोण ते बघायला. मी पंप मुद्दाम घरी ठेवला होता. वैद्याच्या दारात डॉक्टरांचा पंप दिसला तर बुवांना वाईट वाटेल ना!

बुवांनी एक पोतं रिकामं केलं. धूळ उडाली आणि माझा श्वास अडकला. सुहासनं माझी पर्स उलटी केली. पंप कुठला असायला?

बुवांनी डावीकडचा अगदी खालचा खण उघडला. त्याचा वास त्यांनी मला कधी दिला नव्हता. आत निळा पंप. माझ्यासारखाच, पण त्यांचा स्वतःचा. बाहीला पुसला, हलवला आणि माझ्या तोंडाशी धरला. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला.

सुहास एकदा पंपाकडे बघे, एकदा बुवांकडे.

"फर्स्ट धिस," बुवा म्हणाले. "देन टी."

मग नेहमीसारख्या काढ्याच्या दहा जिनसा तोलल्या, कागद उघडून सुहासपुढे धरला. "नो लेग, नो आय."

सुहासनं वाकून नीट पाहिलं. "पुढच्या शनिवारी मीच आणतो हिला," तो बुवांना म्हणाला. चक्क मराठीत.

बुवांनी मान डोलावली.